उघड्या डोळ्यांची प्रार्थना

मी त्या शाळेत रुजू झालो त्या सकाळी रंगारी शिडीवर चढून पाटीवरचं ‘म्हैसूर’ खरवडत होता. राज्याचं नाव बदललं होतं. हेडसर खाली उभे राहून त्याला कन्नडमधून सूचना देत होते, रंगारी दखनीतून उत्तरं देत होता आणि कट्ट्यावरची पोरं दोघांचीही मराठीतून टिंगल करत होती. बीदर जिल्ह्याच्या आमच्या पट्ट्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. मलाही वाटलं नाही. मी शिडीखालून वाकून आत गेलो.

आत एकच लांब खोली होती. मधोमध छातीएवढी भिंत; पलीकडं कन्नड वर्ग, अलीकडं मराठी. हेडसर कन्नड बाजू शिकवायचे. मराठीची जागा बराच काळ रिकामी होती, म्हणून अलीकडच्या पोरांतला एखादा थोराड मुलगा उभा करून ते पाढे म्हणायला लावायचे आणि अधूनमधून भिंतीवरून छडी दाखवायचे. सगळ्यांनी मिळून म्हणायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, एवढीच तिथली रीत. आवाज रस्त्यापर्यंत गेला की शाळा चांगली चाललीय असं गाव समजायचं.

मला त्या आवाजाचा राग आला. तेव्हा मला बऱ्याच गोष्टींचा राग यायचा. मी पत्रकांवर वाढलेला माणूस. घरच्यांनी धम्म स्वीकारला तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. कोनाड्यातले देव गेले आणि त्या जागी वडिलांनी सभांतून आणलेल्या पत्रकांची चळत आली. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळं लहानपणी बरेच दिवस मला वाटायचं, की वाक्य उद्गारचिन्हानंच संपतं.

वर्गात पोरांच्या जागा ठरलेल्या होत्या. मोठ्या घरांतली पुढं, फळ्याजवळ. मधे मधली. आमच्या वस्तीतली दारापाशी, जिथं पोरं चपला काढत तिथं. कुणी त्यांना तिथं बसा म्हणत नव्हतं. ती आपणहून बसत. मी पहिल्याच दिवशी विचारलं, “तुम्ही तिकडं कामून बसलाव?” एक पोरगी म्हणाली, “इथं वारं लागतंय, सर.” तिचं तोंड मोठं, बोलणं खणखणीत. मी जिच्या घरी खोली घेऊन राहत होतो त्या मावशीची ती नात. वाऱ्याचं कारण तिला कुणी शिकवलं असेल, हा विचार दिवसभर माझ्या डोक्यात भुंग्यासारखा फिरत राहिला. मी एका जागी उभा राहून शिकवूच शकत नव्हतो. फळ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून फळ्यापर्यंत येरझाऱ्या घालत शिकवायचो.

सकाळची प्रार्थना अंगणात व्हायची. पोरं हात जोडून, डोळे मिटून उभी राहत. हेडसरही डोळे मिटत, पण एक जरा किलकिला ठेवत. मी हात पाठीमागं घेऊन, डोळे उघडे ठेवून उभा राहायचो. ज्याला हाक मारायची तो माझ्या घरातून कधीच गेला होता, मग डोळे मिटून कुणाला फसवायचं? आणि तिथं, मिटलेल्या डोळ्यांच्या रांगांत, मला आणखी दोन उघडे डोळे दिसले.

पहिल्या रांगेतली एक मुलगी. तेल लावून घट्ट वेणी घातलेली, परकर-पोलकं धुतलेलं, हात नीट जोडलेले, ओठ सगळ्यांबरोबर हलणारे. डोळे मात्र टक्क उघडे. ती हेडसरांच्या तोंडाकडं पाहत होती. माझी नजर लागताच तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हसलो. तीही हसली.

मला फार आनंद झाला. या गावात, एवढ्याशा वयात, एकजण डोळे मिटायला नकार देतंय. तिच्या पोटऱ्यांवर छडीचे वळ दिसले तेव्हा माझी खात्रीच झाली. रोज सकाळी आम्ही दोघं मिटलेल्या डोळ्यांवरून एकमेकांकडं पाहायचो, आणि मला एखाद्या सभेत आपल्या बाजूचा माणूस सापडल्यासारखं वाटायचं.

मी हेडसरांना तिच्याबद्दल विचारलं.

“ती होय? अप्पांची नात,” ते म्हणाले. अप्पा म्हणजे गावातल्या सर्वांत मोठ्या शेतकरी घराचे कर्ते आणि शाळा समितीचे प्रमुख. “तिला मराठी येत न्हाई.”

“मराठी घरातली मुलगी, आणि मराठी येत नाही?”

“म्हणून तर माझ्याकडं बसवली होती. कन्नडबी न्हाई. तिची आई औरादकडची, तेलुगूवाली. घरात तेलुगू बोलत असतील.” मग ते हसले. “तुम्ही आलाव, आता तुमची. सांभाळा.”

गावाला हे कारण पटलेलं होतं, आणि पटण्यासारखंही होतं. आमच्याकडं गप्प बसण्याचं कारण बहुधा भाषाच असतं. तेलंगणाकडून आलेली सून वर्ष-वर्ष बोलत नाही. कन्नड घरातलं पोर मराठी वर्गात पहिलं वर्ष मुकाट असतं, आणि एके दिवशी एकदम मराठीतून शिव्या देतं, तेव्हा सगळे म्हणतात, आलं बाबा याला. त्या पोरीलाही गावानं एक भाषा देऊन टाकली होती. फक्त ती कुठली, यावर एकमत नव्हतं.

मी ते सगळं गिळलं, वर त्यात माझा मसाला घातला. मातृभाषेतून शिकण्याच्या हक्कावर एक अख्खं पत्रक माझ्या डोक्यात तयार झालं. मन्नाएखेळ्ळीच्या नाक्यावर लॉऱ्या थांबत, तिथल्या हॉटेलात एका तेलुगू क्लीनरकडून मी चार वाक्यं शिकून आलो. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर वाकून विचारलं, “नी पेरेंदि?” तुझं नाव काय? तिनं माझ्या तोंडाकडं लक्ष देऊन पाहिलं आणि मान डोलावली. वर्ग हसला. मला वाटलं, तिला कळलं पण लाजली.

माझ्या येरझाऱ्यांबरोबर ती फिरायची. मी दाराकडं गेलो की ती बसल्या जागी अख्खी वळायची. फळ्याकडं आलो की परत. पोरं तिला ‘भिंगरी’ म्हणू लागली. मी एकदा वैतागून खूण केली, पुढं बघ. ती पुढं बघत बसली. त्या दिवशी मी सांगितलेले शब्द सगळ्यांच्या पाट्यांवर होते. तिची पाटी कोरी. मला वाटलं, रागावली असेल. हा रागही मला आवडला.

मग ती सकाळ आली.

आदल्या आठवड्यात हेडसर मला म्हणाले होते, “एक तुम्ही, एक ती. तुम्ही मोठे, तुम्हाला काय बोलू? पण पोरांना वळण नको का?” त्या सकाळी प्रार्थनेआधी ते छडी घेऊन तिच्यासमोर येऊन उभे राहिले. आपल्या डोळ्यांवर तळहात ठेवून त्यांनी तिला दाखवलं, मिट. ती माझ्याकडं पाहू लागली. त्यांनी छडी उचलली. तिनं डोळे मिटले, इतके घट्ट की कपाळाला आठ्या पडल्या.

प्रार्थना संपली. सगळी पोरं खाली बसली. ती उभीच राहिली, हात जोडून, डोळे मिटून.

हेडसर म्हणाले, “कुंदरु.” बस, म्हणून. ती उभी. त्यांना वाटलं, कन्नड कळत नाही. ते दखनीत म्हणाले, “बैठ जा, मा.” ती उभी. मागून पोरं ओरडली, “ए भिंगरे, खाली बस की गं.” कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळं अंगण हसायला लागलं. तिचे ओठ अजून हलत होते. तिच्या हिशेबानं प्रार्थना चालूच होती. मी तिच्या अगदी मागं जाऊन टाळी वाजवली. मग जोरात वाजवली. झाडावरची कावळ्यांची जोडी उडाली. तिचा एक केसही हलला नाही.

आधी हसू थांबलं ते पोरांचं. पोरांना कधीकधी आमच्याआधी कळतं.

मी तिच्या खांद्याला हात लावला. तिनं डोळे उघडले, आपण एकटीच उभी आहोत हे पाहिलं, आणि पटकन खाली बसली. कुणी मारणार का, म्हणून आजूबाजूला पाहू लागली.

ती डोळे उघडे ठेवायची कारण तिच्याकडं दुसरं काहीच नव्हतं. बंड वगैरे माझ्या डोक्यात होतं. पाढ्यांच्या गलक्यात तिचे ओठ सगळ्यांबरोबर हलत राहिले आणि त्यातून आवाज निघत नाही हे कुणाला दिसलं नाही, कारण सगळ्यांनी मिळून म्हणण्यात एकाचं काय होतं हे कळायची सोयच नसते. वाईट शिक्षकाचा त्यापेक्षा सुरक्षित आसरा नाही. हे मी आजही कुठल्याही सभेत उभा राहून म्हणेन.

संध्याकाळी मी अप्पांच्या घरी गेलो. अप्पा बाजेवर पान लावत बसले होते. मला गोठ्याजवळच्या दगडाकडं बोट दाखवलं. मी बसलो नाही. कोनाड्यातल्या वेगळ्या पेल्यातून चहा आला. तो मी दगडावर ठेवला.

“काय मास्तर, पोरगी काय म्हणायलीय?”

“तिला ऐकू येत नाही, अप्पा.”

त्यांनी चुन्याचं बोट पानावर फिरवलं. “तुम्ही डाक्टर हाव का?”

“नाही. पण आज सकाळी सगळ्या शाळेनं पाहिलं.”

“शाळेनं काय बघितलं? पोरगी हट्टी हाय, हे बघितलं. तिची आई तेलंगी. लहानपणी तिच्यासंगं तेलुगू बोलली, आम्ही मराठी, शेजार कानडी. पोरगीच्या डोक्यात समदा काला झाला. म्हणून म्या सुनंला सांगितलं, या घरात तुझी भाषा बंद.”

तेवढ्यात दारात बांगड्या वाजल्या. मुलीची आई उंबऱ्याआड उभी होती. ती पदर सावरत, शब्द शोधत माझ्याकडं न बघता म्हणाली, “लहान होती... लई ताप आला होता. त्यानं?”

“असू शकेल,” मी म्हणालो.

“माझ्या बोलण्यानं न्हाई?”

“नाही. तुमच्या बोलण्यानं नाही.”

ती तिथंच उंबऱ्यावर बसली. सासऱ्यासमोर बसायची त्या घराची रीत नसणार, कारण अप्पा दचकले. त्या बाईनं स्वतःच्या लेकराशी स्वतःच्या भाषेत बोलणं बंद केलं होतं, ज्या लेकराला कुठलीच भाषा ऐकू येत नव्हती. ती मुलगी आत चुलीपाशी बसून बाहेर काय चाललंय ते आमच्या तोंडांवरून वाचत होती. तिच्यामागं तिची थोरली बहीण उभी होती, लग्नाच्या वयाची.

अप्पांनी सुनेला आत जायला सांगितलं आणि आवाज खाली आणला. “मास्तर, मी येडा न्हाई. मला ठाव हाय. पण थोरलीची सोयरीक उदगीरला जुळायलीय. एका घरात एक बहिरी म्हणलं की दुसरीला कोण बघतंय? तेलुगू बोलती म्हणलं तर चालतंय. बहिरी म्हणलं तर चालत न्हाई.”

“मग तिला शाळेत पाठवणारच नाही?”

“पाठवीन. पण तो शब्द तुमच्या तोंडातून भाईर गेला, त्या दिवशी तिची पाटी घरी. कबूल?”

मला त्यांच्या प्रत्येक वाक्याशी भांडायचं होतं. सोयरिकीशी, कोनाड्यातल्या पेल्याशी, बंद केलेल्या भाषेशी. आत चुलीपाशी ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी कबूल म्हणालो आणि चहा तसाच ठेवून निघालो.

वस्तीत येईपर्यंत मी पेटलेलो होतो. दोन दिवसांत मी एक मजकूर लिहून काढला: न ऐकणाऱ्या मुलांच्या शिक्षणाच्या हक्काबद्दल, गावाच्या पापाबद्दल. नाव कुणाचं घेतलं नव्हतं. म्हणजे शब्द पाळला असं मी मलाच समजावलं. भालकीला छापखाना होता. वस्तीतल्या मित्रांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “आपल्या लेकरांना दारात बसवणाऱ्यांच्या नातीसाठी तू कामून जळायलास?” मी त्यांच्याशी भांडलो. मावशी भाकरी थापत ऐकत होती.

ती म्हणाली, “लई झ्याक लिवलंस. गावात किती जणांच्या घरात असं लेकरू हाय?”

“एकाच.”

“मग नाव न घेता काय झाकलंस?” तिनं तव्यावर भाकरी टाकली. “उद्या वाटशील, परवा पोरगी घरात. आन मला एक सांग, तुझ्या या हक्कात माझी नात कुठं बसती? दारातच?”

मजकूर मी छापला नाही. फाडलाही नाही, फाडायला मन झालं नाही. पण कशाच्या तरी बाजूनं ओरडल्याशिवायही काम करावं लागतं, हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं, आणि ते मला आवडलंही नाही. हात बांधल्यासारखं वाटत होतं. मग ज्या गोष्टी माझ्या हातात होत्या त्या मी बदलायला घेतल्या.

पहिलं म्हणजे, येरझाऱ्या बंद केल्या. ही शिक्षा मला फार जड गेली. पायांना मुंग्या यायच्या. मी फळ्याकडं तोंड करून बोलणंही सोडलं. आधी लिहायचं, वळायचं, मग बोलायचं. दुसरं, रांगा मोडल्या. बसायची तरटं गोल मांडली, भिंतीला पाठ लावून, म्हणजे प्रत्येकाचं तोंड प्रत्येकाला दिसेल. कारण कुणाला सांगितलं नाही. एकत्र पाढे म्हणणं बंद. एक म्हणेल, बाकीचे त्याच्याकडं बघतील. हाताच्या बोटांवर आकडे, चिंचोक्यांवर बेरजा. आणि प्रार्थनेत माझ्या वर्गानं डोळे उघडे ठेवायचे. सगळ्या वर्गानं. तिचे एकटीचे उघडे दिसले असते तर प्रश्न आला असता. सगळ्यांचे उघडे असले की ती सगळ्यांतली एक.

गोलात ती कुणाशेजारी बसते ते मी तिच्यावर सोडलं होतं. तिनं दोन-तीन जागा बदलल्या आणि शेवटी मावशीच्या नातीसमोर येऊन बसली, कारण त्या मोठ्या तोंडावर शब्द सर्वांत स्वच्छ दिसत. मग ती आणखी जवळ हवी म्हणून शेजारी सरकली. दारापाशी वारं लागतंय म्हणणारी ती पोरगी फळ्याजवळ आली आणि तिथंही तिला वारं लागत असावं, कारण ती परत गेली नाही. दोघींनी खुणा काढल्या. हेडसरांची खूण छडी. पाण्याची खूण ओंजळ. माझी खूण अशी: डाव्या तळहातावर उजव्या हाताची दोन बोटं तुरुतुरु चालवायची, कडेपर्यंत जाऊन परत फिरवायची. मी येरझाऱ्या सोडल्या तरी खूण तीच राहिली. काही दिवसांतच सगळा वर्ग त्या खुणांनी माझ्या पाठीमागं गप्पा मारू लागला आणि मला वर्गात शांतता ठेवण्यासाठी डोळ्यांत तेल घालून बसावं लागू लागलं.

ती लिहू लागली. आधी चित्राखाली शब्द, मग शब्दाखाली शब्द. एकदा तिनं पाटीवर ‘आई’ लिहिलं, पाटी उराशी धरून घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी ती तशीच, न पुसता परत आणली. दिवसभर दुसरं काही लिहायला तयार नव्हती.

गावाला मात्र एवढंच दिसत होतं, की मोठ्या घरांतल्या पोरी कुणाच्या मांडीला मांडी लावून बसायल्यात, आणि देवाच्या नावाला डोळे उघडे ठेवायल्यात. एका दुपारी शाळेच्या ओट्यावर बैठक भरली. अप्पा खुर्चीत. हेडसर बाजूला, अवघडलेले. चार-सहा पालक. चिंचेखाली मुलींना न्यायला आलेल्या बाया उभ्या होत्या, त्यांत अप्पांची सूनही होती.

एक पालक म्हणाला, “यांच्यात देव न्हाई, म्हणून आमच्या लेकरांचाबी काढून घ्यायलेत.”

दुसरा म्हणाला, “प्रार्थनेचं जाऊ द्या हो. आधी ते गोल मोडा. शाळा हाय का हुरड्याची पंगत?”

हसू झालं. हेडसर म्हणाले, “तसा डोळे मिटायचा लेखी नियम नाही. पण पद्धत आहे.”

अप्पा माझ्याकडं बघत होते. “मास्तर, कामून करता असं? सांगा की.”

त्या बैठकीत कारण माहीत असलेले अप्पा होते, मी होतो आणि चिंचेखाली ती आई होती. हेडसरांना ते त्या सकाळीच कळलं होतं, असं मला वाटतं, पण ते पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. पोरांनाही कळलं असणार, पण पोरांना कुणी विचारत नव्हतं. मी सांगितलं असतं तर मी सुटलो असतो आणि तिची पाटी घरी गेली असती. मी म्हणालो, “मला असं शिकवायला बरं पडतं.”

“तुम्हाला बरं पडतं म्हणून?” कुणीतरी म्हणालं, आणि परत हसू.

अप्पांनी घसा साफ केला. “मग ठरलं. उद्यापासून समद्यांनी डोळे मिटायचे. पोरं पहिल्यावाणी रांगेत. मास्तर, तुम्ही पहिल्यावाणी शिकवायचं.”

ते रागात नव्हते. त्यांना घर झाकायचं होतं आणि त्यांनी ते झाकलं. मला आठवतं, माझ्या डोक्यात तेव्हा शब्दांचा नुसता खच होता, लहानपणापासून गिरवलेले सगळे शब्द, आणि त्यातला एकही काढता येत नव्हता. शब्द दिलेला होता. पाळला तरी ती जाणार होती: उद्या सकाळी पुन्हा डोळे मिटून, हात जोडून, एकटी उभी राहणार होती.

चिंचेखालून आवाज आला. “ना बिड्डकु विनबडदु.”

तेलुगू ओट्यावरच्या एक-दोघांनाच कळलं असावं. सगळे वळले. अप्पांची सून पदर डोक्यावर घेऊन, मुलीचा हात धरून चार पावलं पुढं आली होती. या गावात तिचा आवाज बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकला असेल. तिनं तेच मोडक्या मराठीत सांगितलं, “माझ्या लेकराला ऐकू येत न्हाई. डोळे मिटले तर तिला काय उरतंय? म्हणून सर उघडे ठेवतेत.”

अप्पा म्हणाले, “सूनबाई, घरी चल.”

ती म्हणाली, “चलते, मामा. पण उद्या मी तिला शाळेत आणून सोडनार.”

अप्पा उठले आणि खुर्ची तशीच टाकून गेले. पालक एकेक करून उतरले. हेडसर मात्र बराच वेळ ओट्यावर होते. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला ते पहिल्या रांगेसमोर आले, छडी आत ठेवून. प्रार्थना संपली तेव्हा त्यांनी वर धरलेला हात सगळ्यांना दिसेल असा खाली आणला. कन्नड पोरांचेही अर्धे डोळे उघडेच होते, हात बघायला. तेव्हापासून ती खूण शाळेची झाली.

सगळंच काही सुधारलं नाही. दोन घरांनी आपल्या पोरी उचलून भिंतीपलीकडं बसवल्या. मांडीला मांडी लागण्यापेक्षा त्यांना कन्नड परवडलं. अप्पांच्या कोनाड्यात तो पेला तसाच होता. पण झाकायचं काही उरलं नव्हतं, आणि आई रोज पोरीला घेऊन यायची. वाटेत तिच्याशी तेलुगूत बोलायची, तोंड तिच्याकडं करून. तिला ऐकू येत नाही हे माहीत असूनही. त्याचा काय उपयोग, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही.

उदगीरची सोयरीक मोडली.

निरोप आला तेव्हा सुगी होती. मी बातमी मावशीकडून ऐकली. पत्रकांमध्ये किंमत नेहमी समोरचा मोजतो, जो अन्याय करतो तो. इथं ती मोजली होती एका मुलीनं, जिचा या भांडणात कुठंच आवाज नव्हता आणि जिला ऐकू येत होतं. मी माझं म्हणणं पुन्हा पुन्हा तपासलं. ते बरोबरच होतं. धाकटीला शिकायचा हक्क होता, आईला बोलायचा होता, वस्तीच्या पोरीला मधे बसायचा होता. यातून मी आजही एक पाऊल मागं घेत नाही. पण बरोबर असून झोप येत नव्हती, आणि ती तशी येत नाही हे कुणी छापत नाही.

काही दिवसांनी थोरली शाळेत आली. वर्ग चालू होता. ती दारात, पोरं चपला काढतात तिथं उभी राहिली. आत ये म्हणालो तर आली नाही.

“सर, तुम्ही तिचं चांगलं केलाव,” ती म्हणाली. “आमच्या आईचंबी. आता माझं काय ते सांगा.”

मी तिला धीर दिला असता तर ती तिथून निघून गेली असती, आणि ते योग्यच झालं असतं.

ती जायला वळली नाही. गोलाकडं बघत राहिली. तिची बहीण मावशीच्या नातीला हातांनी काहीतरी सांगत होती आणि दोघी हसू दाबत होत्या. थोरली बराच वेळ ते बघत होती. मग हलक्या आवाजात म्हणाली, “घरी एकटीच बसून असले हातवारे करती. आम्हाला कुणालाच कळत न्हाई. काय म्हणायलीय ती?”

मी मावशीच्या नातीकडं पाहिलं. ती उठून दारात गेली आणि थोरलीला एकेक खूण करून दाखवू लागली, मोठ्यानं शब्द म्हणत. ओंजळ: पाणी. छडी: हेडसर. थोरली आधी हात पदरात ठेवून बघत होती. मग तिनं ओंजळ करून पाहिली. धाकटी धावत आली, बहिणीचा डावा तळहात उघडला आणि त्यावर दोन बोटं तुरुतुरु चालवली, कडेपर्यंत नेऊन परत फिरवली.

“हे काय?” थोरलीनं विचारलं.

धाकटीनं माझ्याकडं बोट दाखवलं.

थोरलीनं माझ्याकडं पाहिलं. हसली नाही. तिनं बहिणीचा हात घेतला आणि तीच खूण तिच्या तळहातावर करून पाहिली, बरोबर जमेपर्यंत, पुन्हा पुन्हा. मी फळ्याजवळ उभा होतो. माझे पाय दाराकडं ओढत होते, पण धाकटीचं तोंड माझ्याकडं होतं, म्हणून मी हललो नाही.